मानाची जागा

महत्त्वाकांक्षा बाळगणे पाप आहे, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र सांगत नाही. गावात शाळा निघावी, दवाखाना उभा राहावा, आपल्या पोरीने डॉक्टर व्हावे, मंडळीच्या गळक्या छपराचे काम एकदाचे व्हावे, या सगळ्या आकांक्षाच आहेत आणि त्यांच्यावाचून जग जागचे हलले नसते. प्रेषित पौलालाही मोठी हौस होती. ज्या प्रांतात ख्रिस्ताचे नाव कुणी ऐकलेले नाही तिथे आपण जावे, ही ओढ तो रोमकरांना लिहिलेल्या पत्रात उघड बोलून दाखवतो. तेव्हा मोठे काम करण्याची इच्छा आणि लीनता यांचे मुळात वैर नाही. वैर सुरू होते ते एका बारीक वळणावर. काम व्हावे या इच्छेत ‘ते माझ्यामुळे झाले असे चारचौघांनी म्हणावे’ ही दुसरी इच्छा येऊन मिसळते. हळूहळू ती पहिलीच्या पुढे जाते. मग एक दिवस असा येतो की तेच काम दुसऱ्याच्या हातून उत्तम झालेले पाहून आनंद होण्याऐवजी पोटात दुखू लागते. ती पोटदुखी हा या पुस्तकाचा विषय आहे.

बाजारात हा रोग फारसा लपत नाही. दुकानदार नफ्यासाठी बसला आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते आणि दुकानदारही ते नाकारत नाही. देवाच्या कामात मात्र स्वार्थ सेवेच्या नावाने वावरतो, प्रार्थनेची भाषा बोलतो, त्यागाची उदाहरणे देतो, आणि ज्याला तो जडला असेल त्यालाच सगळ्यांच्या शेवटी कळतो. म्हणून या विषयाची चर्चा मंडळीने स्वतःपासून सुरू करावी, असे मला मनापासून वाटते. जगाच्या अहंकारावर उपदेश करणे सोपे आहे. आपल्या वार्षिक सभेत काय चालते हे उजेडात धरणे अवघड आहे, आणि गरज त्याचीच आहे.

या विषयावरचा ख्रिस्ती विचार समजून घ्यायचा तर फिलिप्पै या गावापासून निघावे लागते. इ. स. पू. ४२ मध्ये तिथे रोमन सत्तेच्या दावेदारांची मोठी लढाई झाली. नंतर निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन तिथे वसवले गेले आणि गाव रोमन वसाहत झाले. अशा गावात हुद्द्याला फार मोल असते. कोण कुठल्या पदावर होता, कुणाला कुठला मान मिळाला, हे दगडावर कोरून ठेवण्याची तिथे रीतच होती आणि असे शिलालेख उत्खननात सापडले आहेत. त्या गावात पौलाने मंडळी उभी केली. जांभळे कापड विकणारी लुदिया, तुरुंगाचा अधिकारी, अशी निरनिराळ्या थरांतली माणसे तिच्यात होती. पुढे स्वतः कैदेत असताना पौलाने या मंडळीला पत्र लिहिले. मानसन्मानाची उतरंड अंगात मुरलेल्या लोकांना त्याने सांगितले की तट पाडण्यासाठी आणि पोकळ डौलासाठी काहीही करू नका.

हे सांगताना तो कुठल्याही तत्त्वज्ञानाचा आधार घेत नाही, ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने ती बरोबरी मुठीत आवळून धरली नाही. तो रिता झाला, दास झाला, माणूस झाला आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत खाली उतरला. रोमन नागरिकाच्या लेखी वधस्तंभ म्हणजे गुलामांच्या आणि बंडखोरांच्या वाट्याला येणारी नामुष्की. मानाच्या पायऱ्या चढण्यात आयुष्य घालवणाऱ्या गावापुढे पौलाने पायऱ्या उतरणारा देव उभा केला. पुढे त्याच पत्रात तो आपली स्वतःची बिरुदे मोजून दाखवतो. बन्यामीनाचा वंश, परूशी पंथ, नियमशास्त्रात निर्दोष. आणि ती सगळी तोट्याच्या खात्यात टाकतो.

या पत्रातल्या आणखी दोन जागांकडे वाचकाने लक्ष द्यावे. पहिली अशी की पौल कैदेत असताना काही प्रचारक हेव्याने, त्याला खिजवण्यासाठी, जोरात प्रचार करत होते. पौल त्यांचा हेतू झाकत नाही, पण ख्रिस्ताची घोषणा होते आहे यात आनंद मानतो. प्रतिस्पर्ध्याचे यश पाहूनही ज्याचा आनंद शाबूत राहतो तो माणूस किती मोकळा झालेला असेल! दुसरी जागा पत्राच्या शेवटाकडे आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांची नावे घेऊन तो त्यांना एकचित्त व्हायची विनंती करतो. दोघीही सुवार्तेच्या कामात त्याच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या. म्हणजे भांडण आळशी किंवा नास्तिक माणसांत नव्हते, सर्वांत कष्टाळू कार्यकर्त्यांत होते. आजही ते बहुधा तिथेच असते.

शुभवर्तमानांत हीच गोष्ट शिष्यांच्या तोंडून ऐकू येते. यरुशलेमच्या वाटेवर येशू आपल्या मरणाबद्दल बोलत असताना जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, त्याच्या उजवीडावीकडच्या जागा मागतात. बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडतात. त्या चिडण्यात नीतीचा भाग किती आणि आपला नंबर हुकल्याचे दुःख किती, हे सांगायला नको. शेवटच्या भोजनाच्या मेजावरही आपल्यात थोर कोण हा वाद निघालाच, असे लूक लिहितो. त्याच रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, असे योहान सांगतो. हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचले की कळते, पाय धुणे हा निव्वळ भक्तिभावाचा देखावा नव्हता. पहिल्या जागेसाठी चाललेल्या भांडणाला ते दिलेले उत्तर होते. आणि पाय धुण्यापूर्वी येशूला आपण कुठून आलो, कुठे जाणार, हे पक्के ठाऊक होते, असे योहान मुद्दाम नमूद करतो. ज्याला आपली जागा ठाऊक आहे तोच निश्चिंतपणे खाली बसू शकतो. ज्याच्या मनात स्वतःविषयी धाकधूक आहे, तो खुर्ची सोडायला घाबरतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. नागपुरात राहून ती न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘तुमची जागा खालीच’ असे धर्माच्या नावाने सांगितले गेले, त्यांनी मान ताठ करून उभे राहण्याचा तो दिवस. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही अशा समाजांतून आलेली असंख्य कुटुंबे आहेत. त्यांच्यापुढे नम्रतेचा उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की मी कुणाला खाली बसायला सांगतो आहे? फिलिप्पैकरांच्या पत्रात खाली उतरतो तो सर्वांत वर असलेला. दबलेल्याला आणखी दबायला पौल सांगत नाही. मरीयेच्या स्तोत्रात तर देव बलवानांना आसनांवरून खाली ओढतो आणि दीनांना वर उचलतो. नम्रतेचा उपदेश वरून खाली केला की तो हुकूम होतो. तो वरच्याने स्वतःला केला तरच ख्रिस्ताचा उपदेश राहतो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. मिशनच्या काळात मोहल्ल्यामोहल्ल्यांत आणि खेड्याखेड्यांत पायी फिरून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, आजारी माणसांपाशी बसणाऱ्या, शास्त्र वाचून दाखवणाऱ्या मराठी बायका होत्या. ‘बायबल वुमन’ म्हणून त्या ओळखल्या जात. अहवालांत बहुतेक वेळा त्यांची संख्या येते, नाव येत नाही. आपण ते वाचून म्हणतो, किती निःस्वार्थी होत्या! असतीलही. पण नाव हवे की नको, हे त्यांना कुणी विचारले होते? जो आपले नाव स्वतः सोडतो तो लीन. ज्याचे नाव दुसऱ्याने गाळले त्याच्यावर अन्याय झालेला आहे, आणि त्या अन्यायाला नम्रतेचा हार घालणे हा आणखी एक अन्याय. म्हणून लीन माणसाचे एक लक्षण मी असे मानतो की तो स्वतःच्या नावाबद्दल बेफिकीर असतो आणि दुसऱ्याच्या नावाबद्दल फार काटेकोर.

आता नागपूरकडे वळू. या शहराच्या ख्रिस्ती इतिहासात या विषयाची तीन मोठी उदाहरणे आहेत. तिन्ही मी थोडी विस्ताराने मांडतो, कारण तत्त्वे पाठ होतात, पण माणसे लक्षात राहतात.

पहिले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडमधल्या डन्स गावी १८१७ साली जन्मलेला हा माणूस १८४५ साली पत्नी इरॅझ्मासह नागपुरात आला. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. १८४६ साली त्यांची शाळा सुरू झाली. मराठी शिकणे, शिकवणे, प्रवास, उपदेश, हे सगळे चालू असताना त्यांची नजर पायाखालच्या खडकांकडे गेली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी टाकळी आणि आसपासच्या थरांतून शंखशिंपले, पाने, बिया यांचे जीवाश्म गोळा केले आणि लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे दोघांच्या नावाने निबंध ठेवला. मांगलीच्या खडकात मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने १८५५ साली केले. एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नाव मिळाले. गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्यालाही त्यांचे नाव दिले गेले. ही कीर्ती दुसऱ्यांनी दिलेली होती. तिच्या मागे लागून हिस्लॉप यांनी आपली शाळा सोडली नाही आणि खडक फोडायला जाताना मुलांची परीक्षा चुकवली नाही.

ही शेवटची गोष्ट अक्षरशः खरी आहे. ४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे प्रमुख सर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप बोरीच्या मुक्कामाहून टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला गेले. आज आपण ज्याला बुटीबोरी म्हणतो, त्या भागातली ही गोष्ट. शिलावर्तुळांचे काम आटोपले. प्रांताचा सर्वोच्च अधिकारी परत फिरला. हिस्लॉप मात्र मागे थांबले, कारण गावातल्या शाळेची तपासणी करायची होती. मग तिन्हीसांजेला एकटेच घोड्यावरून निघाले. मध्ये पावसाने नाला फुगला होता. घोडा मुक्कामावर आला, स्वार आला नाही. शोध घेतल्यावर मृतदेह सापडला. वयाची शेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस होते.

ज्याच्याबरोबर राहिल्याने मान वाढतो अशा माणसाची सोबत सोडून, खेड्यातल्या पोरांचे वाचन ऐकायला मागे राहणे, हे हिस्लॉप यांना विशेष वाटलेही नसेल. मला ते फार मोलाचे वाटते. गोंडांविषयी त्यांनी जमवलेली टिपणे हस्तलिखितातच राहिली होती. ती टेंपल यांनी १८६६ साली हिस्लॉप यांच्या नावाने छापली. १८८३ साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले ते मृत्यूनंतर वीस वर्षांनी. पण हिस्लॉप यांना देवत्व देण्याची गरज नाही. त्यांच्या काळचे मिशनरी आपल्या सत्याच्या खात्रीने इथल्या धर्मांविषयी तिखट लिहीत, आणि साम्राज्याच्या सावलीत वावरत. माणूस सेवेत लीन आणि मतांत ताठ असू शकतो, हे त्या पिढीकडे पाहून आपण शिकावे आणि ती तपासणी स्वतःवरही करावी.

दुसरे उदाहरण नारायण वामन टिळकांचे. ख्रिस्ती होण्यापूर्वी ते नागपुरात होते. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. कवी, वक्ते, पंडित म्हणून नाव होत होते. त्या काळात त्यांच्या मनात एक प्रचंड आकांक्षा होती. जातिभेद नसलेला नवा धर्म आपण स्थापन करावा. देशप्रेमातून निघालेली ही इच्छा उदात्त होती, यात शंका नाही. पण तिच्या मध्यभागी संस्थापक म्हणून टिळकच होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका परदेशी प्रवाशाशी त्यांची कवितेवरून, धर्मावरून बोलणी झाली. त्याने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचताना टिळक अडखळले आणि तिथेच थांबले. नव्या धर्माची जी तत्त्वे आपण जुळवत होतो ती कुणीतरी आधीच, आणि आपल्यापेक्षा कितीतरी खोल, जगून दाखवली आहेत असे त्यांना आढळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गुरू व्हायला निघालेला माणूस शिष्य झाला.

पण एका वळणाने स्वभाव बदलत नाही, आणि एकाच्या निश्चयाची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती मोजली. पती सोडून गेला, समाजाची बोलणी वाट्याला आली, काही वर्षे ताटातुटीत गेली. १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हा त्यांचा ग्रंथ मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. तो इथे आठवतो त्याचे कारण असे की टिळकांचा संताप, धरसोड, घरातले होते-नव्हते देऊन टाकणे, हे सगळे त्या प्रेमाने आणि खरेपणाने लिहितात, आणि स्वतःलाही त्यातून सोडत नाहीत. स्वतःविषयी खरे बोलता येणे हा लीनतेचा फार वरचा प्रकार आहे. त्यात स्वतःला हिणवावे लागत नाही आणि सजवावेही लागत नाही. टिळकांनी आरंभलेल्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. रीतसर शाळा न पाहिलेल्या बाईने महाकाव्य पुढे नेण्याचे धाडस करावे, ही महत्त्वाकांक्षाच होती. पण ती दुसऱ्याने मांडलेला डाव पुरा करण्याची होती.

टिळकांनीही आयुष्याच्या शेवटी पुन्हा एक मोठी उडी घेतली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. नागपूरच्या काळातले स्वप्न आणि साताऱ्याचे स्वप्न वरवर सारखे दिसते. दोन्हींत एक द्रष्टा आहे आणि एक नवा समाज आहे. फरक मध्यभागी आहे. साताऱ्याच्या दरबारात राजा दुसरा होता आणि टिळक त्याचे चाकर. माणसाची ऊर्जा तीच राहते, स्वप्नाची व्याप्तीही कमी होत नाही, पण सिंहासनावरचा माणूस बदलतो. ख्रिस्ती दृष्टीने महत्त्वाकांक्षेचा उद्धार म्हणतात तो हाच.

तिसरे उदाहरण एका माणसाचे नसून मंडळ्यांचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेच्या मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. बोलणी १९२९ च्या लखनौ परिषदेपासून चालली होती. म्हणजे एकेचाळीस वर्षे! वाटाघाटी सुरू करणाऱ्यांतले कितीतरी जण हा दिवस पाहायला उरले नव्हते.

या एकीकरणात कुणाला काय सोडावे लागले ते पाहिले पाहिजे. अँग्लिकनांना आपल्या बिशपपदाच्या परंपरेचा एकाधिकार सोडून बिशपला घटनेच्या चौकटीत बसवावे लागले. ज्यांना बिशप ही संस्थाच नको होती त्यांना ती स्वीकारावी लागली. बाळांचा बाप्तिस्मा मान्य नसलेल्या बॅप्टिस्टांनी तो देणाऱ्यांशी एका छताखाली राहायचे ठरवले आणि समोरच्यांनीही तेच केले. सर्वांत नाजूक प्रश्न होता पाळकांचा. कुणाची दीक्षा खरी, कुणाची अपुरी? उपासनेत निरनिराळ्या मंडळ्यांच्या सेवकांनी एकमेकांचे हात आपल्या मस्तकावर घेतले. तुझ्याकडे जे देणे आहे ते मलाही हवे, असे प्रत्येकाने कृतीने म्हटले. शंभर-दीडशे वर्षे ज्या नावांखाली शाळा, दवाखाने, छापखाने उभे राहिले, ती नावे त्या दिवशी मंडळ्यांनी आपल्या हातांनी उतरवली.

ही कथा इथेच संपवली तर ती अर्धी होईल. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही मोठी मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. एकीकरणानंतर जागांचे, विश्वस्तपदांचे, इमारतींचे वाद ठिकठिकाणी कोर्टात गेले. गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीच्या विलीनीकरणाचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०१३ साली त्यावर निकाल लागला. एका पिढीने नाव सोडले म्हणून पुढच्या पिढीची मूठ आपोआप सैल होत नाही. लीनता वारशाने मिळत नाही. ती दर पिढीला, आणि खरे तर दर सभेला, नव्याने करावी लागते.

आजच्या मंडळीकडे या तीन उदाहरणांच्या उजेडात पाहिले तर काय दिसते? पॅस्टरेट कमिटीची निवडणूक आली की पॅनेल बनतात, घराघरांत फोन जातात, वर्षभर न दिसलेले सभासद मतदानाला आणले जातात. बाकांवर दात्यांच्या पाट्या लागतात. कोनशिलेवर कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली यावरून कार्यक्रम लांबणीवर पडतो. याच मंडळीत नाताळच्या प्रीतिभोजनानंतर वेगळेही काही दिसते. भाषणे झालेली असतात, शाली-श्रीफळे वाटून झालेली असतात, फोटो काढून झालेले असतात, मोटारी निघालेल्या असतात. मागच्या बाजूला नळाशी चारपाच बाया आणि एखादा तरुण भाताची मोठी पातेली राखेने घासत बसलेले असतात. तळाशी लागलेली खरपुडी उलथण्याने खरवडायची, पाणी ओतायचे, पुन्हा घासायचे. त्यांना कुणी सांगितलेले नसते. मी त्यांचे कौतुक करून थांबणार नाही. कमिटीतल्या माणसांनी पुढच्या वर्षी उलथणे हातात घ्यावे आणि नळावरच्या बायांपैकी एकीने कमिटीत बसावे, असे मी म्हणेन. दोघांचाही त्यात फायदा आहे. एकाला खाली यायला मिळते, दुसरीला आवाज मिळतो, आणि मंडळी फिलिप्पैच्या पत्राच्या थोडी जवळ जाते.

नम्रतेची तोंडची भाषा मात्र फार फसवी आहे. ‘मी तर एक क्षुद्र सेवक’ असे माइकवरून म्हणणारा माणूस त्याच सभेत आभाराच्या यादीत आपले नाव राहून गेले म्हणून रुसतो. स्वतःला सतत कमी म्हणणे हेही स्वतःविषयीच बोलणे झाले. लीन माणूस स्वतःकडे कमी पाहतो, कारण त्याचे लक्ष समोरच्या कामात आणि समोरच्या माणसात गुंतलेले असते. फिलिप्पैकरांना पौलाने याचे जवळचे उदाहरण दिले ते एपफ्रदीताचे. मंडळीची मदत पौलाकडे पोहोचवायला गेलेला हा माणूस मरणाच्या दारी जाऊन आला. आणि आपल्या आजारपणाची बातमी घरी कळली, लोक काळजीत पडले असतील, याचेच त्याला दुःख होते.

पुढच्या पानांची मांडणी याच वाटेने केली आहे. पहिला भाग शास्त्राचा आहे. फिलिप्पैकरांस पत्र, याकोबाच्या पत्रातली हेव्याची आणि भांडणांची चिकित्सा, आणि शुभवर्तमानांतले जागांचे प्रसंग त्यात येतात. दुसऱ्या भागात महाराष्ट्रातली माणसे आणि संस्था आहेत. तिसरा भाग व्यवहाराचा आहे. निवडणूक, पैसा, मालमत्ता, पदाचा कालावधी, उत्तराधिकारी तयार करणे आणि वेळेवर बाजूला होणे यांची चर्चा तिथे केली आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न दिले आहेत. ते एकट्याने वाचून सोडून देऊ नयेत. उपवासकाळातल्या अभ्यासगटात, तरुण संघात, महिला मंडळात आणि विशेषतः कमिटीच्या बैठकीपूर्वी ते मोठ्याने वाचावेत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही यात परके वाटू नये. गृहनिर्माण संस्था, साहित्य संघ, पक्षाची शाखा, कुठेही मानाची जागा एकच असते आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेले पुष्कळ असतात.

हे पुस्तक वाचून कुणी आपली आकांक्षा सोडावी, अशी माझी इच्छा नाही. नागपूरच्या ख्रिस्ती तरुणांनी मोठी स्वप्ने पाहावीत, पदेही घ्यावीत. ज्यांना आजवर पद मिळाले नाही त्यांनी तर हक्काने घ्यावीत. मागणे एवढेच आहे की हातात घेतलेल्या कामाला अधूनमधून एक प्रश्न विचारावा. माझे नाव उद्या यातून काढून टाकले आणि दुसऱ्याचे घातले, तरी हे काम व्हावे असे मला वाटेल का? उत्तर ‘होय’ असेल तर जोमाने पुढे जावे. ‘नाही’ असेल तर काम थांबवू नये, पण त्या दिवशी ज्याचा आपल्याला हेवा वाटतो त्या सहकाऱ्याकडे जावे, त्याने केलेल्या एका चांगल्या कामाचे नाव घेऊन त्याचे आभार मानावेत, आणि ते चारचौघांत मानावेत.